गोल चट्टा, कणकण, अंगदुखी - लाइम असेल का? (न्यू जर्सी)

गवतीचहा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत वायव्येकडच्या भागात राहतो, घरामागे लगेच झाडी सुरू होते, हरणं तर रोज अंगणात येऊन होस्टा खाऊन जातात. बाबा साताऱ्याहून उन्हाळ्यासाठी आलेत, वय ७१. त्यांना स्वस्थ बसवत नाही त्यामुळे मागच्या कुंपणाशी गेल्या वर्षीची कुजलेली पानं साचली होती ती हाफ पँटवर उपसत बसले, मी ऑफिसच्या कॉलवर होते म्हणून कळलंही नाही. आता त्यांच्या गुडघ्यामागे एक चट्टा उठलाय. लाल म्हणावं तर लाल नाही, जांभळट तपकिरी, मुका मार लागल्यासारखा. आधी रुपयाएवढा होता आता तळहाताएवढा झालाय. खाजत नाही, दुखत नाही, हात लावला तर किंचित गरम लागतो. बाबांचं म्हणणं हे गजकर्ण आहे, आणि बॅगेतून आणलेली ट्यूब सकाळ-संध्याकाळ चोळणं चालू आहे. काल रात्रीपासून कणकण आणि अंग मोडून आलंय.

लाइमचे (इथली गोचीड चावून होतो तो आजार) फोटो शोधले तर सगळीकडे गोऱ्या कातडीवर नेमबाजीच्या टार्गेटसारखी लालभडक वर्तुळं. बाबांचं तसं काहीच दिसत नाही. काही चावल्याचंही त्यांना आठवत नाही. आधी ब्लड टेस्ट करून घ्यावी आणि पॉझिटिव्ह आली तरच डॉक्टरकडे जावं का? व्हिजिटर इन्शुरन्स आहे पण त्याचं डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) तुम्हाला माहीतच आहे. आणि त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यात आहे.

चिंची
टेस्टबिस्ट राहू दे, आजच दाखव! न्यू जर्सी, पानांचा ढीग, वाढत जाणारा चट्टा, अजून काय पाहिजे.

खडूस
एवढं घाबरायचं काय आहे. आमच्या गावी म्हशींच्या अंगावर गोचिडांचे घोस लटकलेले असायचे, दूध काढताना आमच्याही अंगावर चढायच्या, उपटून पायाखाली चिरडायचो. कुणाला काही झालं नाही. अमेरिकेत गेलं की मराठी माणसाची कातडी नाजूक होते बहुतेक. (हलकेच घ्या.)

डॉ_विनाफी
खडूस, तुमच्या म्हशीची गोचीड वेगळी आणि न्यू जर्सीच्या झाडीतली वेगळी. लाइमचे जंतू (बोरेलिया) अमेरिकेच्या पूर्व भागात पसरवते ती काळ्या पायांची टिक (इंग्रजीत गोचिडीला टिक म्हणतात), लोक तिला डिअर टिक म्हणतात. नाव हरणाचं असलं तरी जंतू तिला मिळतात ते मुख्यतः रानउंदरांकडून. हरीण मोठ्या टिकना रक्त पाजतं आणि त्यांची संख्या वाढवतं एवढंच.

गवतीचहा, फोटो न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून आज दाखवायलाच हवं. कारणं सांगते.

गजकर्ण खाजतं, त्याच्या कडेला कोंडा किंवा बारीक पुळ्या असतात आणि ते हळूहळू वाढतं. लाइमचा चट्टा सपाट, गुळगुळीत, सहसा खाजत नाही, फार दुखत नाही आणि दिवसागणिक वाढतो, कधीकधी ३० सेंटिमीटरच्याही पुढे जातो. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत उठतो, बहुतेकदा आठवड्याभरात. चावल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाण्याहून लहान लाल गांधी उठते आणि दोन दिवसांत विरते ती लाइम नव्हे, ती नुसती चाव्याची रिॲक्शन.

टार्गेटचं डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत बहुतेक चट्टे सरसकट एकाच रंगाचे असतात, मधे पांढरं आणि भोवती कडं असं कमी वेळा दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर तर लालीच नीट दिसत नाही, जांभळट, तपकिरी, मार लागल्यासारखं दिसतं. काळ्या रुग्णांमध्ये लाइम उशिरा सापडतो आणि तोवर तो सांध्यांपर्यंत किंवा नसांपर्यंत गेलेला असतो हे अमेरिकेत नोंदलं गेलंय. त्यात कातडीच्या रंगाचा हात आहेच, आणि डॉक्टरांचे डोळे गोऱ्या फोटोंवर तयार झालेत त्याचाही.

टेस्टबद्दल: आत्ता केली तर निगेटिव्ह यायची शक्यता भरपूर. ती जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते आणि त्या बनायला काही आठवडे जातात. म्हणून अशा भागात असा चट्टा दिसला की टेस्टची वाट न बघता औषध सुरू करतात. निगेटिव्ह रिपोर्ट बघून तुम्ही निश्चिंत होऊन बाबांना विमानात बसवाल ही मला जास्त काळजी.

आणि जायच्या आधी बॉलपेनने चट्ट्याच्या कडेने रेघ ओढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. ट्यूब बंद.

पॉपकॉर्न
(वाचतोय, टोपली घेऊन बसलोय)

भटकभवानी
डॉक्टर विनाफी, अनुमोदन. गवतीचहा, परतीच्या तिकिटाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. बाबा साताऱ्याला पोचले आणि तिथे दोन महिन्यांनी गुडघा सुजला तर तिथला डॉक्टर संधिवात, युरिक ॲसिड, चिकनगुनिया सगळं बघेल, लाइमचा विचार त्याच्या मनात येणार नाही आणि त्याचा दोषही नाही, त्याच्या रोजच्या पेशंटमध्ये तो नसतोच. म्हणून औषध सुरू होवो न होवो, एका कागदावर लिहून द्या की हे अमुक महिन्यांत न्यू जर्सीत होते, असा चट्टा आला होता.

कनेटिकटकर
आमच्या राज्याची ही बदनामी! लाइम हे आमच्याकडचं गाव आहे हो, कनेटिकट नदीच्या मुखाशी, टुमदार. १९७५च्या सुमाराला तिथल्या पॉली मरे नावाच्या बाईंनी बघितलं की आपल्या घरात आणि आसपासच्या कितीतरी मुलांचे गुडघे सुजतायत, आणि डॉक्टर प्रत्येकाला लहान मुलांचा संधिवात म्हणतायत. संधिवात काय शेजारधर्म म्हणून पसरतो का? बाई राज्याच्या आरोग्य खात्याच्या मागे लागल्या, येल विद्यापीठाचे ॲलन स्टिअर आले, त्यांनी घरोघरी चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की झाडीजवळ राहणाऱ्यांनाच हे जास्त होतंय आणि काहींना आधी कातडीवर चट्टाही येऊन गेला होता. जंतू मात्र १९८१-८२ मध्ये सापडला, विली बर्गडॉर्फर यांना, म्हणून बोरेलिया बर्गडॉर्फेरी. एका आईने वहीत टिपणं ठेवली नसती तर हे अजून किती लांबलं असतं कोण जाणे.

सॉकरमॉम_मॅसॅच्युसेट्स
गुडघ्यावरून आमचा अनुभव लिहितेच. मुलगा तेव्हा ११ वर्षांचा, फुटबॉल खेळायचा. एका सकाळी गुडघा एवढा सुजला की पँट चढेना, आणि गंमत म्हणजे दुखत फार नव्हतं, लंगडत का होईना चालत होता. कोच म्हणाले मुरगळलाय, अर्जंट केअरमध्ये एक्स-रे काढला, बर्फ लावा म्हणाले. सूज कमी झाली, मग परत आली. शेवटी आमच्या नेहमीच्या पीडियाट्रिशियनने विचारलं उन्हाळ्यात कॅम्पला गेला होता का. गेला होता. चट्टा कुणी बघितला नव्हता, केसांत असेल तर कोण बघणार. टेस्ट ठणठणीत पॉझिटिव्ह. २८ दिवस डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक), पूर्ण बरा झाला. आता कॉलेजात आहे आणि अजून कपडे जमिनीवर फेकतो, त्यावर औषध नाही.

@डॉ_विनाफी, याच्या वेळी टेस्टवर सगळे विसंबले होते, मग बाबांच्या वेळी का नाही?

डॉ_विनाफी
कारण गुडघा सुजेपर्यंत काही महिने गेलेले असतात, अँटिबॉडी भरपूर झालेल्या असतात, तेव्हा टेस्ट जवळजवळ चुकत नाही. पहिल्या आठवड्यात ती भाबडी असते. आणि उलटंही लक्षात ठेवा, बरं झाल्यावर वर्षानुवर्षं ती पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून 'बरा झाला का' हे बघायला परत परत टेस्ट करू नये.

खडूस
म्हणजे टेस्ट लवकर केली तर उपयोग नाही आणि उशिरा केली तर उशीर झालेला. भले शाब्बास.

डॉ_विनाफी
मधला रस्ता आहे ना, डोळे. चट्टा ७० ते ८० टक्के लोकांना येतो. तो बघायचा.

मुक्ता
आणि ज्यांना येत नाही त्या २०-३० टक्क्यांचं काय?

डॉ_विनाफी
त्यांच्यात सापडणं अवघड, खरं आहे. ऐन उन्हाळ्यात सर्दी-खोकला नसताना फ्लूसारखा ताप, अंगदुखी, डोकेदुखी, प्रचंड थकवा, आणि राहायला किंवा फिरायला झाडी-गवत असेल तर डॉक्टरांना 'लाइम असेल का' असं स्वतःहून विचारावं. नंतरच्या टप्प्यात अंगावर एकाऐवजी बरेच चट्टे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं (क्वचित दोन्ही), मान आखडून तीव्र डोकेदुखी, रात्री वाढणाऱ्या नसांच्या कळा, छातीत धडधड, चक्कर किंवा बेशुद्ध पडणं. यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी, हृदयाच्या विद्युतप्रवाहात अडथळा येऊ शकतो. वेळेत उपचार झाले तर तो बहुतेकांचा पूर्ण सुटतो.

रेलेवाला
चेहऱ्याचं सांगतो. आमच्या टीममधला एक आंध्रचा मुलगा सकाळी ऑफिसच्या मीटिंगला आला तर तोंड वाकडं, एक डोळा मिटेना. आम्हाला वाटलं स्ट्रोक. हॉस्पिटलमध्ये नेला, स्ट्रोक नव्हता, मग कुणीतरी विचारलं ट्रेकिंग करतोस का. करायचा, दर वीकेंडला. लाइम निघाला. औषधाने चेहरा हळूहळू जागेवर आला. त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं हाच मोठा प्रश्न होता, तिने तिकडे दृष्ट काढली.

म्युनिककर
जर्मनीतही हे जोरात आहे बरं का. इथे बालवाडीतली पोरं जंगलात नेतात आणि संध्याकाळी आईबापांनी अंगभर टिक शोधायच्या हे ठरलेलं. आपल्या लोकांचा एक गोंधळ होतो तो सांगतो. इथे बव्हेरियात टिकची लस घ्या म्हणून मागे लागतात, लोक घेतात आणि समजतात लाइमपासून सुटलो. ती लस टिकमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची, व्हायरसची. लाइम बॅक्टेरियाचा. त्याची लस नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याला मात्र आहे!

चिंची
कुत्र्याला आहे आणि आपल्याला नाही?? कुठे नेऊन ठेवलाय माणूस.

कनेटिकटकर
माणसांसाठी होती की, १९९८ मध्ये अमेरिकेत आली. सांधे दुखतात अशा तक्रारी आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, तपासात लसीचा दोष सिद्ध झाला नाही पण मागणीच बसली, २००२ मध्ये कंपनीने काढून घेतली. त्यानंतर आमच्याकडे लोक कुत्र्याची टोचून आणतात आणि स्वतः पायमोज्यात पँट खोचून हिंडतात.

दोडामार्गकर
धागा अमेरिकेचा आहे तरी अवांतर लिहितो. गोचिडीने काही होत नाही असं वर खडूस म्हणाले, आमच्याकडे सिंधुदुर्गात येऊन म्हणून दाखवा. माकडताप! १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला, मग आमच्या दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यात सत्तरीला आला. काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणारी, जळण आणायला जाणारी माणसं, त्यांनाच. आधी माकडं मरून पडायची, मग आठवड्याभरात वाडीत ताप. एकदम जोराचा ताप, डोकं, कंबर, काहींना नाका-तोंडातून रक्त. तो व्हायरस आहे, डॉक्सीसायक्लिनचा काही उपयोग नाही. आरोग्य खात्याची माणसं अंगाला लावायचं तेल वाटायची आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा म्हणून सांगत फिरायची. तेव्हा काजूच्या हंगामात गोव्याला कोणाच्या बागेत जाऊन फोटोसाठी पाचोळ्यात लोळू नका.

ऑरेंजसिटी
आमच्या विदर्भात स्क्रब टायफस. २०१८ ला नागपूरकडे फार लोक दगावले होते. त्यात चावते ती गोचीड नाही, झुडपात असणाऱ्या माइट नावाच्या बारीक किड्याचं पिल्लू, पण लक्षण बघण्यासारखं असतं, चावल्याजागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली. ती काखेत, जांघेत, छातीखाली लपते, डॉक्टरने कपडे काढून बघितलं नाही तर सापडत नाही. गवतीचहाने अशा खपलीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण खपली प्रत्येकालाच दिसते असंही नाही. यावर डॉक्सी लगेच चालते. सांगायचं एवढंच की आपल्याकडेही तापात अंग नीट तपासायला पाहिजे, नुसतं डेंग्यू-मलेरियाचे रिपोर्ट हातात घेऊन बसू नये.

नानासाहेब
आम्ही गोचीड रॉकेलचा बोळा लावून काढायचो. नाहीतर विझलेल्या काडीचा चटका. आपोआप सुटायची. आताच्या पिढीला साध्या गोष्टी माहीत नाहीत.

डॉ_विनाफी
नानासाहेब, आदरपूर्वक नाही म्हणते. रॉकेल, व्हॅसलिन, नेलपॉलिश, चटका, यातलं काही नको. टिक सुटायची वाट बघण्यात वेळ जातो आणि त्रास दिला तर ती पोटातलं तुमच्यातच ओकू शकते. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला टेकून डोकं पकडायचं आणि पिळवटून न काढता सरळ वर ओढायचं. तोंडाचा तुकडा राहिला तर कोरत बसू नका. मग साबण-पाणी. लाइमचे जंतू सहसा टिक २४ तासांहून जास्त चिकटून राहिली तरच अंगात जातात, म्हणून रोज संध्याकाळी शोधलं तर अर्धी लढाई तिथेच संपते.

३६ तासांहून जास्त चिकटलेली, रक्त पिऊन फुगलेली सापडली तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सीचा एकच डोस देतात. डॉक्टरला विचारून, घरातल्या उरलेल्या पट्टीतून नव्हे.

सॉकरमॉम_मॅसॅच्युसेट्स
आणि ती फुगलेली सापडते हो, पण उन्हाळ्यात चावणारी पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात! मे ते जुलै. आमच्या घरी तपासणीचा क्रम ठरलाय, केसांत, कानामागे, काख, बेंबी, कमरेचं इलास्टिक, जांघ, गुडघ्यामागे. आणि बाहेरून आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये हाय हीटवर दहा मिनिटं, मग धुवायचे. नुसतं गार-कोमट पाण्यात धुवून त्या मरत नाहीत.

मुक्ता
मला एक वेगळं बोलायचंय. माझ्या नणंदेला लाइम झाला, औषध झालं, आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षं ती उठू शकत नाही अशी दमते, सांधे दुखतात, काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात बरी आहेस. मग तिने एक खासगी क्लिनिक गाठलं, तिथे महिनोन्‌महिने शिरेतून अँटिबायोटिक, इन्शुरन्स एक पैसा देत नाही, घर गहाण टाकायची वेळ. तिथे निदान तिचं ऐकतात तरी. तुम्ही डॉक्टर लोक याला थोतांड म्हणता ना?

डॉ_विनाफी
थोतांड नाही म्हणत. उपचारानंतरही ५ ते १० टक्के लोकांना थकवा, दुखणं, विस्मरण रेंगाळतं, ते खरंच असतं. पण महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊन फरक पडतो का हे व्यवस्थित चाचण्या घेऊन तपासलंय, टिकणारा फायदा दिसला नाही आणि शिरेतल्या नळीचं इन्फेक्शन, रक्ताच्या गाठी असे जीवघेणे प्रकार झाले. नणंदेची थायरॉइड, झोप, इतर टिकजन्य आजार (बबेसिया वगैरे) हे सगळं कुणी पाहिलंय का ते बघा. आणि पैसे घेऊन ऐकून घेणाऱ्याबद्दल मला राग आहे, तुमच्या नणंदेबद्दल नाही.

मुक्ता
बाकीचं पटलं. पण फुकटात ऐकून घेणारा डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये कुठे मिळतो तेही सांगा.

डॉ_विनाफी
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पॉपकॉर्न
वातावरण तापलंय म्हणून एक थंड माहिती. लोन स्टार नावाची अजून एक टिक आहे, ती चावली की काही जणांना मटणाची ॲलर्जी होते. खोटं नाही, शोधून बघा. बीफ, पोर्क, मटण खाल्लं की दोन ते सहा तासांनी गांधी उठतात, पोट बिघडतं, कधी जिवावर बेततं. चिकन-मासे चालतात.

रेलेवाला
म्हणजे टिक चावली की बारमाही श्रावण.

खडूस
आता मात्र मी घाबरलो. रविवारच्या मटणाला हात लावणारी टिक परवडणार नाही. कुठे मिळतात ते पँट खोचायचे पायमोजे?

गवतीचहा
सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा अपडेट देतेय. त्याच संध्याकाळी घेऊन गेले. पट्टी ठेवून काढलेले फोटो फार कामाला आले, घरून निघताना ओढलेल्या रेघेच्या बाहेर चट्टा सरकलेला नव्हता पण सकाळच्या फोटोशी पट्टी लावून ताडलं तर वाढ स्पष्ट होती. तिथल्या बाई आधी म्हणाल्या कोळी चावला असेल. मी गवत, पाने, हरणं, गजकर्णाची ट्यूब सगळं सांगितलं, आणि कातडीच्या रंगाचंही बोलले, मग त्यांनी नीट दाबून, मोजून बघितलं, आत बसलेल्या सीनियर डॉक्टरना बोलावलं. त्यांनी एक मिनिटात सांगितलं लाइम धरून चालू. टेस्ट न करता डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. बाबा कॅल्शियमच्या गोळ्या घेतात त्या डॉक्सीसोबत घ्यायच्या नाहीत, मधे काही तास ठेवायचे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात जायचं नाही, कातडी भाजते म्हणे.

दोन दिवसांत ताप गेला, चट्टा फिका पडतोय. तिकीट पुढे ढकललं. बाबांचं म्हणणं अजून तेच आहे, गजकर्णच होतं आणि ट्यूबनेच गेलं, गोळी फक्त माझ्या समाधानासाठी घेतोय.

नानासाहेब
बाबांशी सहमत.

भटकभवानी
:D गवतीचहा, त्यांना म्हणावं समाधानासाठी का होईना, कोर्स पूर्ण करा. आणि डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत त्यांच्या फाइलला, एक तुझ्याकडे.

चिंची
एक शंका. आमच्या मंडळाची पिकनिक ऑक्टोबरमध्ये आहे, स्टेट पार्कात, गवतावरच संगीत खुर्ची. तोवर थंडी पडलेली असते म्हणजे टिकचा प्रश्न संपला ना?

कनेटिकटकर
अजिबात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मोठ्या टिकचा हंगाम. बर्फ पडेपर्यंत आणि मधे ऊब आली तर भर हिवाळ्यातही त्या बाहेर पडतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तेव्हाची तिळाएवढी असते, दिसते तरी. खुर्च्या मधल्या कापलेल्या गवतावर मांडा, कडेच्या झाडीपासून लांब. बुटांवर, पँटवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिनचा (कीटकनाशक) फवारा मारून वाळवून ठेवा, पण घरात मांजर असेल तर ओला असताना तिला जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विष आहे.

चिंची
मांजर नाही, सासूबाई आहेत. त्यांना चालेल ना?

डॉ_विनाफी
चालेल. कपड्यांवर मारा, सासूबाईंवर नको. अंगाला डीट किंवा पिकारिडिनवालं, किडे पळवणारं काहीतरी लावा.